क्रमवारीसोबत आक्रमणाची मांडणीही छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा नवा हंगाम ३ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू होत असून, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारांच्या मतांवरून जाहीर केलेली हंगामपूर्व क्रमवारी आपल्या क्रीडा पानावर वाचली. मराठी दैनिकाने या खेळाला जागा दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. पर्ड्यू पहिला, ह्यूस्टन दुसरा, गतविजेता फ्लोरिडा तिसरा, युकॉन (कनेटिकट विद्यापीठ) चौथा आणि सेंट जॉन्स पाचवा, असा क्रम आणि प्रत्येक संघातील एकेका नामवंत खेळाडूची ओळख त्या मजकुरात होती; परंतु यांपैकी कोणता संघ आक्रमण कसे करणार आहे, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवणारा प्रशिक्षक या नात्याने मला ही उणीव मोठी वाटते, कारण हंगामपूर्व अंदाज फसतात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

नॉर्थ कॅरोलिनाचे उदाहरण पाहावे. २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांची आघाडी असूनही हा संघ कॅन्ससकडून ६९-७२ असा हरला. पुढच्या हंगामासाठी सुरुवातीच्या पाचांपैकी चार खेळाडू परत येणार होते, त्यामुळे पत्रकारांनी त्याला पहिला क्रमांक देऊन टाकला. प्रत्यक्षात २० विजय आणि १३ पराभव पदरी पडून हा संघ मार्चमध्ये सुरू होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळवू शकला नाही. १९८५ मध्ये स्पर्धेत ६४ संघ झाल्यापासून हंगामपूर्व अव्वल संघावर अशी वेळ येण्याची ती पहिलीच खेप होती. जो पाचवा खेळाडू गेला, त्या ब्रेडी मॅनेककडे अंदाज करणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिले नव्हते. मॅनेक उंच होता आणि थ्री पॉइंट रेषेबाहेरून, जिथून बास्केट झाल्यास तीन गुण मिळतात, हमखास मारायचा. त्याला मोकळे सोडणे परवडत नसल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचा एक उंच बचावपटू रिंगपासून वीस-बावीस फूट दूर खेचला जायचा आणि त्या रिकाम्या जागेत आर्मांडो बेकटला पोस्टवर, म्हणजे रिंगजवळ, चेंडू मिळायचा, तर केलेब लव्ह आणि आर. जे. डेव्हिस यांना ड्राइव्हसाठी, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडे घुसण्यासाठी, वाट मिळायची. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून आलेला पीट नॅन्स याच कामासाठी घेतला होता, पण बचावाला त्याचा तसा धाक वाटला नाही. आतली गर्दी वाढली आणि तेच चार खेळाडू वर्षभरात निम्म्या ताकदीचे दिसू लागले. परत आलेल्या माणसांची संख्या मोजून हे कळण्यासारखे नव्हते. कोण कुठे उभा राहत होता, हे पाहिले असते तर निदान शंका तरी आली असती.

आक्रमणाचा सगळा विचार आज या मोकळ्या जागेभोवती फिरतो आणि त्याला नियमांनीच भाग पाडले आहे. १९८५-८६ पूर्वी अमेरिकी महाविद्यालयांत पुरुषांच्या सामन्यांना सरसकट शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत फटका मारण्याची सक्ती) नव्हते. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने व्हर्जिनियाविरुद्ध अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या गटाचा अंतिम सामना ४७-४५ असा जिंकला, तो मिनिटामागून मिनिट चेंडू नुसता फिरवत ठेवून. त्यानंतर ४५, मग ३५ आणि २०१५-१६ पासून ३० सेकंदांची मर्यादा आली. १९८६-८७ मध्ये थ्री पॉइंट रेषा आली आणि २०१९-२० मध्ये पुरुषांसाठी ती मागे सरकवून आंतरराष्ट्रीय अंतरावर नेली. परिणामी आज दोन फटक्यांना मोल आहे: रिंगखालचा लेअप आणि रेषेबाहेरचा थ्री. अलाबामाचे प्रशिक्षक नेट ओट्स यांनी तर मधल्या अंतरावरून मारणे जवळजवळ बंदच केले आहे. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या संघाने बीवाययूविरुद्ध २५ थ्री यशस्वी करून राष्ट्रीय स्पर्धेतला विक्रम केला.

मला स्वतःला मात्र युकॉनचे २०२३-२४ चे आक्रमण अधिक अभ्यासण्याजोगे वाटते. त्या वर्षी ३७ विजय आणि ३ पराभव अशी कामगिरी करून प्रशिक्षक डॅन हर्ली यांचा संघ सलग दुसऱ्यांदा विजेता झाला. उपांत्यपूर्व सामन्यात इलिनॉयविरुद्ध २३-२३ अशी बरोबरी असताना त्यांनी एकही गुण न देता सलग ३० गुण घेतले. या संघाची ताकद चेंडू हातात नसलेल्या चौघांत होती. कॅम स्पेन्सर कोपऱ्यातून निघे, एका स्क्रीनला (बचावपटूची वाट अडवून उभ्या सहकाऱ्याला) खांदा घासून वर येई, लगेच दुसऱ्या स्क्रीनभोवती वळे. त्याच्यामागे धावणारा बचावपटू अडखळला की मदतीला दुसरा सरके, आणि तो सरकला रे सरकला की ज्याने स्क्रीन लावली होती तो डोनोव्हन क्लिंगनच रिंगकडे मोकळा सुटे. अॅलेक्स कराबन दुसऱ्या बाजूला रेषेबाहेर उभा असे, त्यामुळे तिकडून तिसरा बचावपटू आणायचीही सोय नसे. यांतले बरेच डाव युरोपीय बास्केटबॉलमधून घेतलेले होते. स्पेन्सर रटगर्सहून आणि ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलिनाहून आलेला होता. दोघेही शाळेत असताना फार गाजलेले नव्हते. हंगामपूर्व क्रमवारीत हा संघ सहावा होता आणि त्याच्या आदल्या वर्षी, या सलग दोनपैकी पहिले विजेतेपद मिळवताना, पहिल्या पंचविसांतही नव्हता.

८ एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात, जो आपल्याकडे मंगळवारी सकाळी दिसला, हीच समज बचावात कशी उतरते तेही पाहायला मिळाले. पर्ड्यूचा झॅक ईडी सात फूट चार इंचांचा, आणि त्याच्यावर दोघे-तिघे धावून गेले की बाहेरचे नेमबाज मोकळे होत. त्याच बळावर पर्ड्यू तिथवर आला होता. हर्लींनी ईडीवर एकटा क्लिंगन ठेवला आणि बाकी चौघांना आपापल्या माणसाला सोडायचे नाही असे बजावले. ईडीने ३७ गुण केले. पर्ड्यूला पूर्ण सामन्यात एकच थ्री मिळाला आणि युकॉन ७५-६० असा जिंकला. दुसऱ्या दिवशी नुसता गुणफलक वाचणाऱ्याला ईडी सर्वांत भारी खेळला आणि तरीही हरला एवढेच समजले असते.

त्याच युकॉनने पुढच्या वर्षी उलटी बाजू दाखवली. न्यूटन, स्पेन्सर, स्टेफन कॅसल आणि क्लिंगन हे चौघे गेले, डावांची वही तीच राहिली आणि हंगामपूर्व तिसरा क्रमांक मिळाला. नोव्हेंबरमध्ये हवाईतील माउईच्या स्पर्धेत मेम्फिस, कोलोरॅडो आणि डेटन यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाले. डाव तेच, पण योग्य क्षणी चेंडू सोडणारा पॉइंट गार्ड (चेंडू आणून डाव चालवणारा खेळाडू) नव्हता, म्हणून स्क्रीनवरून सुटलेल्या खेळाडूपर्यंत पास पोहोचेस्तोवर बचाव परत जागेवर येई. त्याच हंगामात पुन्हा हंगामपूर्व पहिला ठरलेला कॅन्सस पहिल्याच फेरीत आर्कान्सोकडून हरला आणि एकविसाव्या क्रमांकावरून सुरुवात केलेला फ्लोरिडा विजेता झाला.

आता यंदाच्या संघांकडे वळतो. पर्ड्यू हे नाव मराठी घरांत अभियांत्रिकीमुळे परिचित आहे. बास्केटबॉलमध्ये हंगामपूर्व पहिला क्रमांक मात्र त्याला यंदा प्रथमच मिळाला. तो योग्य आहे असे माझेही मत आहे, आणि त्याचे कारण नुसते ब्रेडन स्मिथचे नाव नाही. स्मिथ चेंडू घेऊन वर येतो, ट्रे कॉफमन-रेन त्याला स्क्रीन लावतो, दोघे बचावपटू स्मिथवर झेपावले की चेंडू फ्री थ्रो रेषेजवळ कॉफमन-रेनच्या हातात जातो आणि तिथून समोर रिंग, कोपऱ्यात नेमबाज फ्लेचर लॉयर, असे दोन पर्याय उघडतात. हे तिघे कित्येक महिने हाच डाव खेळत आले आहेत आणि तिघेही परतले आहेत. प्रश्न आहे तो साउथ डकोटा स्टेटहून आणलेल्या ऑस्कर क्लफचा. रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू मिळवणे) आणि आतला बचाव या गेल्या वर्षीच्या दुबळ्या बाजू तो भरून काढेल हे खरे, पण तो आणि कॉफमन-रेन दोघेही रिंगजवळ खेळणारे आहेत; दोघे एकत्र उतरले तर स्मिथसाठी जी वाट मोकळी राहत होती तीच बुजण्याचा धोका आहे. प्रशिक्षक मॅट पेंटर ही गाठ कशी सोडवतात यावर मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचे काय होईल ते ठरेल.

फ्लोरिडाची अडचण अगदी उलट आहे. कॉन्डन, हॉग, चिनयेलू ही आतली फळी जशीच्या तशी आहे. गेले आहेत ते वॉल्टर क्लेटन, अलिजा मार्टिन आणि विल रिचर्ड हे तिन्ही गार्ड, म्हणजे चेंडू आणणारे, बचाव फोडणारे आणि बाहेरून मारणारे एकदमच गेले. त्यांच्या जागी आर्कान्सोहून बूगी फ्लँड आणि प्रिन्स्टनहून झेव्हियन ली आले आहेत. प्रिन्स्टन म्हटले की १९९६ आठवल्याशिवाय राहत नाही: पीट कॅरिल यांच्या त्या संघाने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले, आणि निर्णायक लेअप मिळाला तो पुढे दाबून खेळणाऱ्या बचावपटूच्या पाठीमागून केलेल्या कटवर, म्हणजे चेंडूविना रिंगकडे घेतलेल्या अचानक धावेवर. ली त्या काळचा नाही, पण चेंडूविना हलण्याची तिथली शिस्त त्याने सोबत आणली असेल, तर फ्लोरिडाला तिची गरज आहे. सेंट जॉन्सबद्दल थोडक्यात सांगायचे तर, गेल्या मार्चमध्ये आर्कान्सोविरुद्ध त्यांनी २२ थ्री मारून पाहिले, त्यांतले दोनच पडले आणि तिथेच त्यांचा प्रवास संपला. प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी यंदा गुण करणारे अनेक खेळाडू आणले, पण अस्सल पॉइंट गार्ड कोण हे मला तरी दिसत नाही, आणि म्हणून पाचवा क्रमांक मला जास्त वाटतो.

ह्यूस्टनविषयी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मार्चमध्ये पर्ड्यूविरुद्ध ६०-६० अशी बरोबरी असताना मिलोस उझानने रेषेबाहेरून चेंडू जोसेफ टगलरकडे टाकला आणि स्वतः लगेच रिंगकडे धावला. टगलरने तो परत त्याच्याच हातात दिला आणि ०.९ सेकंद शिल्लक असताना लेअप पडला. चेंडू आत टाकणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष नसते, हे प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांच्या संघाला ठाऊक होते. मात्र अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध ६३-६५ अशा स्थितीत याच संघाला शेवटचा शॉटही घेता आला नाही. एमॅन्युएल शार्पने उडी घेतली, समोर क्लेटन आला आणि शार्पला चेंडू हातातून सोडून द्यावा लागला. उझान, शार्प, टगलर तिघेही परतले असल्यामुळे दुसरा क्रमांक पटतो.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण असे की, संघांची घडण पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२१ पासून खेळाडूला एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, एक वर्ष बाहेर न बसता महाविद्यालय बदलता येते. १ जुलै २०२५ पासून तर महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली असून त्यासाठी प्रत्येक संस्थेला सर्व खेळ मिळून २०२५-२६ या वर्षासाठी २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. दरवर्षी अर्धा संघ नवा असताना नावांच्या यादीवरून अंदाज बांधणे पूर्वीपेक्षाही कठीण झाले आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ही नावे पाठ असतात, त्यांचे डंकही (उडी मारून चेंडू रिंगमध्ये ठासणे) त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात. पण स्क्रीन लावल्यावर कुठे वळायचे, पास दिल्यावर उभे न राहता कट का करायचा, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आपले दैनिक येते.

म्हणून विनंती अशी की, पुढील मजकुरात किमान पहिल्या पाच संघांपुरते तरी चेंडू कोण आणणार, बाहेरून मारणारे किती आणि गेलेल्या खेळाडूचे काम आता कोणाकडे, एवढे आवर्जून द्यावे. आणि नोव्हेंबरमध्ये निकाल छापताना गुणांच्या शेजारी थ्री, असिस्ट (ज्यावर बास्केट झाले असे पास) व टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) हे तीन आकडे द्यावेत. जागा कमी असेल तर खेळाडूचे छायाचित्र लहान केले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, पुणे