आमदार निधी मागताना…

आमदारांना स्थानिक विकास कार्यक्रमातून वर्षाला 5 कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. पैसा त्यांच्या हाती येत नाही. आमदार शिफारसपत्र देतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद करते. त्यामुळे ‘आमदारसाहेब हो म्हणाले’ म्हणजे काम मंजूर झाले, असे समजून पेढे वाटण्यात अर्थ नाही.

गाडी अडते ती बहुतेकदा गावातच. नुसते निवेदन देऊन फोटो काढला जातो, कागद कोणी जोडत नाही. सभामंडप हवा असेल तर जागेचा उतारा ग्रामपंचायतीच्या नावे लागतो. भावकीतल्या एकाच्या नावावरची जागा तोंडी ‘दिली’ म्हणून चालत नाही. रस्ता असेल तर त्याची नोंद नमुना 23 मध्ये (ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत) आहे का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी पाहावे. ग्रामपंचायतीच्या ठरावात कामाचे नाव मोघम नको. ‘अंतर्गत रस्ता करणे’ असे लिहिले की तो कोणाच्या दारात जाईल, हे शेवटी ठेकेदार ठरवतो! ‘मारुती मंदिर ते शाळा, इतके मीटर, काँक्रीट’ असे लिहावे. देखभालीची हमीही ठरावातच घ्यावी.

शिफारस झाल्यावर प्रकरण कुठे अडले, हे जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळते. तिथे दाद मिळाली नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

— एक वाचक, सातारा