ताट वाढलं, की आपलं काम संपलं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पालकांसाठीच्या लेखांत एक सल्ला हमखास असतो: मूल भाजी खात नसेल तर ती किसून, वाटून, कशात तरी लपवून द्या. भाजी पोटात जाते हे खरं, पण मुलाची तिच्याशी ओळख होत नाही. आणि एक दिवस लपवलेलं सापडलं, की आजवर बिनतक्रार खाल्लेला तो पदार्थही मूल नाकारायला लागतं. आम्ही लहान मुलांच्या आहाराचं काम करतो. अशा युक्त्यांची गरज का पडते, याबद्दल थोडं लिहायचं आहे.

बहुतेक घरांत तक्रार सुरू होते ती पहिल्या वाढदिवसानंतर. ‘आधी छान खायचा, आता काही खातच नाही.’ यामागे साधं गणित आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ नऊ किलोंवर जातं, म्हणजे सहा किलोंची भर. दुसऱ्या वर्षात ही भर दोन-अडीच किलोंवर येते आणि पुढची काही वर्षं वर्षाला दोनेक किलोच राहते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्याच सुमारास, साधारण दोन ते सहा या वयात, नव्या पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते. मूल बिघडलेलं नसतं, वयाप्रमाणे वागत असतं. पण घरातले नेमके तेव्हाच वाटी घेऊन मागे धावायला लागतात.

आज दोन घास, उद्या ताट चाटूनपुसून साफ, हेही नेहमीचंच. मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं चोवीस तासांचं खाणं सहा दिवस मोजलं होतं. एकेका जेवणातल्या उष्मांकांत सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास चढउतार होता, पण दिवसाच्या एकूण बेरजेत तो १० टक्क्यांच्या आसपासच राहिला. एका जेवणाचा हिशेब करत बसू नये, आठवड्याचा करावा, तो यासाठी.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची जी वाटणी सांगितली, ती आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं, पाळायला अवघड! आपण उलटंच करतो. ‘काय खाशील?’ असं मुलाला विचारतो, म्हणजे आपलं काम त्याच्यावर टाकतो. मग ‘एवढं संपव’ म्हणत त्याचं काम आपल्याकडे घेतो.

‘कधी’ नीट ठरलं, की निम्मी भांडणं मिटतात. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, दोन खाण्यांत अडीच ते तीन तासांचं अंतर, आणि मधल्या वेळात फक्त पाणी. जेवणाला वीस ते तीस मिनिटं पुरेत, मग ताट शांतपणे उचलायचं, टोमणा न मारता. चूक होते ती यानंतर. जेवला नाही म्हणून अर्ध्या तासाने बिस्किटं हातात येतात, बिस्किटांमुळे पुढच्या जेवणाला भूक नसते, आणि पोटात कावळे ओरडायला लागण्याइतका वेळच मध्ये जात नाही. मूल यातून एवढंच शिकतं, की नकार दिला की आवडीचं मिळतं. पुढचं खाणं ठरलेल्या वेळीच येणार, हे दोनतीन आठवडे रोज दिसलं तरच त्याला पटतं. पहिल्या चार दिवसांत रडारड वाढते आणि बरीच घरं तिथेच माघार घेतात.

दुधाकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. १०० मिलिलिटर पूर्ण स्निग्धांशाच्या गाईच्या दुधात साधारण ६५ उष्मांक असतात. जेवणाआधी प्यायलेला २०० मिलिलिटरचा पेला म्हणजे १३० उष्मांक, आणि दीडदोन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज असते हजारेक. आठवा हिस्सा तिथेच भरला. शिवाय दुधात लोह नगण्य असतं, त्यामुळे दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या आणि बाकी काही न खाणाऱ्या मुलांत रक्तक्षय वारंवार दिसतो. एका वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे, तेही बाटलीने नाही तर पेल्याने, आणि जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर.

आता नवा पदार्थ. तो आवडायला आठ ते पंधरा वेळा चव घ्यावी लागते, कधी त्याहूनही जास्त. पालक साधारण तिसऱ्या वेळी ‘हिला गाजर आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतात. करायचं असं: दिवसाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या खाण्याला, म्हणजे भूक ताजी असताना, मुलाच्या ओळखीच्या दोन पदार्थांशेजारी नव्याचे वाटाण्याएवढे दोनच तुकडे ठेवायचे. वाटीभर नाही. ढीग पाहूनच मूल तोंड फिरवतं. पहिले चार-पाच वेळा तोच पदार्थ त्याच आकारात, तसाच शिजवलेला हवा, कारण उकडलेलं गाजर आणि कच्चा कीस या आपल्यासाठी एका गाजराच्या दोन तऱ्हा असल्या तरी मुलासाठी त्या दोन अनोळखी वस्तू असतात. त्याने हात लावला, वास घेतला, चाटून थुंकलं, तरी ती प्रगतीच. थुंकायला शेजारी कागदी रुमाल ठेवा. थुंकायची मुभा असली की तोंडात घालायची हिंमत होते. ‘शाब्बास’ नको आणि ‘बघ, किती छान लागतंय’ही नको. दोनतीन दिवसांनी पुन्हा. फ्रिजवर कागद लावून चव घेतली की एक रेघ मारत जा. जबरदस्तीने कोंबलेला घास त्यात मोजू नका. घशाशी आलेल्या घासामुळे त्या पदार्थाची शिसारी बसते, आणि ती जायला कित्येक महिने लागतात.

हिरव्या पालेभाज्या सर्वांत उशिरा जमतात. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते. थोडं तेल किंवा लोणी घातलं की कडवटपणा कमी जाणवतो.

वाढताना अंदाज म्हणून वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा धरा: तीन वर्षांच्या मुलाला शिजवलेली भाजी तीन चमचे. हवी असेल तर ते आणखी मागेल.

‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदा दोन्ही बाजूंनी महागात पडतो. बर्च यांच्याच प्रयोगांत दिसलं, की बक्षिसासाठी जे खायला-प्यायला लावलं त्याची आवड कमी झाली, आणि जे बक्षीस म्हणून दिलं त्याची वाढली. कडक बंदीही उपयोगाची नाही. घरात दिसतंय पण मिळत नाही, अशा पदार्थाकडे मुलांचं लक्ष आणखी ओढलं जातं. गोड रोज नको असेल तर ते घरात आणूच नये. ज्या दिवशी द्यायचं ठरवलं, त्या दिवशी जेवणासोबतच, बेताचा एक वाढा वाढावा, अट न घालता.

साखरेची मर्यादा मात्र ठाऊक असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून येणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत, ५ टक्क्यांहून कमी असले तर अधिक चांगलं. १२०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३० ग्रॅम, आणि २०० मिलिलिटर रसातच सुमारे २० ग्रॅम साखर असते, तो रस वरून साखर न घातलेला असला तरीही. म्हणून फळ चावून खाऊ द्यावं. एक वर्षाखालच्या बाळाला मध थेंबभरही नको. त्यातून बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांचा १९२०-३० च्या दशकांतला प्रयोग सांगून ‘मुलांना कळतं, हवं ते खाऊ द्या’ म्हणणारेही भेटतात. त्यांनी १५ बाळांना स्वतः निवडून खाऊ दिलं आणि ती छान वाढली. पण समोर मांडलेल्या तीसेक पदार्थांत साखर घातलेलं किंवा कारखान्यात तयार केलेलं काहीच नव्हतं. सगळी मेख त्या यादीत आहे, हे डेव्हिस यांनी स्वतःच सांगितलं होतं. यादी मोठ्यांची, निवड मुलाची, म्हणजे पुन्हा तीच वाटणी.

पडद्यासमोर भरवलं की घास पटापट जातात, म्हणून मोबाइल लावला जातो. पण मुलाला चवही कळत नाही आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. ही सवय एका दिवसात तोडू नका. आधी दिवसातलं एकच जेवण पडद्याविना, आणि त्या जेवणाला घरातल्या एकाने तरी शेजारी बसून तेच अन्न खायचं. मुलाला भाजी वाढून स्वतः न घेणाऱ्या मोठ्यांना मुलं बरोबर पकडतात.

पाचच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षाचे उभे चार भाग करा. आडव्या गोल चकत्याही अडकू शकतात. खाताना मूल बसलेलं असावं आणि जवळ कुणीतरी मोठं असावं.

हे सगळं निरोगी पण चोखंदळ मुलांसाठी. वजन घटत असेल किंवा महिनोन्‌महिने वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, दूध-अंडी-भाज्या असे गटच्या गट बंद होऊन खाण्याचे पदार्थ कमीकमी होत चालले असतील, किंवा मूल माती, खडू, बर्फ खात असेल, तर रेघा मोजत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना आठवडाभराची नोंद न्या: काय, किती वाजता, किती, आणि दूध किती मिलिलिटर. ‘काही खात नाही’ या वाक्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही, या एका कागदावरून बरंच कळतं.

आपले,
बालआहार सल्लागार