प्याला हातात घेतल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

नाताळात आलेल्या तुझ्या पत्राला मी जूनमध्ये उत्तर लिहीत आहे, याची मनापासून लाज वाटते. प्रकृती ठीक आहे. गुडघा अधूनमधून दुखतो, तेवढेच. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या रविवारी जे घडले, ते तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून आज बसलो.

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या एपिस्कोपल (अँग्लिकन) मंडळीत त्या दिवशी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय, शिष्य अनेक भाषांत बोलू लागले तो, निरनिराळ्या भाषांत वाचतात. इग्बो झाली, तागालोग झाली, दुपारच्या उपासनेला येणाऱ्या सुतारमामांची स्पॅनिश झाली, आणि मग मी मराठीत उभा राहिलो. पार्थी, मेदी, एलामी ही नावे आली तेव्हा संडे स्कूलमध्ये तू नेमका एलामींपाशी अडखळायचास, ते आठवून मला मध्येच थांबावे लागले. प्रवेशगीताला नायजेरियाच्या मंडळींनी ढोल वाजवले. तू असतास तर ताल नक्कीच पुढे पळवला असतास, आणि माझ्या वडिलांसारखे चष्म्यावरून बघणारे इथेही दोघे-तिघे आहेत.

मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा आहे एवढेच सांगितले होते. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेली आपली मंडळी अँग्लिकन परिवारातलीच, त्यामुळे पाळकबाईंनी दुसरे काही विचारले नाही. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला, मग तो लहान मुलगा का असेना, इथे प्रभुभोजन, म्हणजे वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस, मिळते. यंदा प्याला देण्याचा बिशपांचा परवाना मिळाला आणि त्या रविवारी मी प्रथमच प्याला घेऊन कठड्यापाशी गेलो. चांदीचा प्याला हाताला अपेक्षेपेक्षा जड लागतो. प्रत्येकाने घोट घेतला की पांढऱ्या कापडाने कड पुसायची आणि प्याला थोडा फिरवून पुढच्यासमोर धरायचा. तिसऱ्या जागी गुडघे टेकून बसले होते ते दोघे पुरुष, ज्यांचे एकमेकांशी लग्न याच वेदीपुढे लागले, आणि त्यांच्यामध्ये त्यांची लहान मुलगी. मी प्याला पुढे केला आणि मला तुझा धाकटा भाऊ दिसला.

मित्रा, आपल्या मंडळीच्या कमिटीच्या त्या रात्री मी दाराजवळच्या बाकावर बसलो होतो. तो समलिंगी म्हणून त्याने प्रभुभोजनाला येऊ नये असे ठरले, तेव्हा मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "तुझा एक शब्द पुरला असता," आणि त्यानंतर आठ महिने माझ्याशी बोलला नाहीस. मी वाद घातला की बोललो असतो तर प्रकरण चिघळले असते, आणि त्याच्या भल्यासाठीच गप्प राहिलो. ते खरे नव्हते. मला वडिलांची भीती वाटत होती आणि मंडळीतली आपली जागा जाईल याचीही.

इथेही सगळे आपोआप झालेले नाही. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना परवानगीची वाट न पाहता पाळकपदाची दीक्षा दिली गेली. सर्वसाधारण सभेची संमती १९७६ ची. २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरने उघडपणे समलिंगी असलेला बिशप निवडला, त्यानंतर कितीतरी मंडळ्या तुटून गेल्या. आमच्यातल्या बार्बाडोसच्या वृद्ध काकूंना ते लग्न अजून पटलेले नाही, पण प्रभूच्या शांतीचे अभिवादन करताना त्या उठून त्या मुलीपाशी जातात आणि तिचा हात दोन्ही हातांत धरतात. त्यांना पाहिले की मला माझे गप्प बसणे अधिकच सलते.

आता त्याला पत्र लिहावे असे वाटते, आणि लगेच भीतीही वाटते. इतक्या वर्षांनी क्षमा मागायची ती त्याच्यासाठी की माझ्या झोपेसाठी? त्याने मंडळीचे नावच टाकले असेल तर मी जुनी जखम उकरणारा कोण? शिवाय परवाना हातात घेऊन, इतक्या लांबून, कुणीही आडवे येत नाही अशा ठिकाणी धीट होणे सोपे आहे. पुढच्या वर्षी गावी आल्यावर त्याच कमिटीपुढे उभे राहून मी बोलेन का, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि आज त्याचे उत्तर छातीठोकपणे देता येत नाही. तूच सांग. मागच्या वेळी तुझे ऐकले नाही, या वेळी ऐकेन.

तुझे काय चालले आहे? मुलीच्या बारावीचा निकाल कळव. विहिरीचे पाणी मेअखेरपर्यंत टिकले का? वहिनींना सलाम, आणि त्यांनी दिलेला मसाला कधीच संपला, हेही सांग.

त्याच्यासाठीचे पत्र लिहून ठेवले आहे. त्याला विचारल्याशिवाय मात्र पत्ता पाठवू नकोस. तो नको म्हणाला, तर तसे मला स्पष्ट लिही.

तुझाच,
दाराजवळच्या बाकावरचा