नव्या नगरसेवक मित्रास पत्र

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

निवडून आल्याचा तुझा फोन आला तेव्हा मागे ताशांचा एवढा गलका होता की धड बोलणंच झालं नाही. आता अर्थसंकल्पाची सभा लागेल आणि सभेच्या तोंडावर एक जाडजूड बाड तुझ्या हातात पडेल. माझं उभं आयुष्य नगरपरिषदांच्या लेखा विभागात गेलं. ते बाड कसं वाचायचं, एवढं तरी मी तुला नक्की सांगू शकतो.

1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे ठराव सभागृह करतं आणि तो अमलात आणतो मुख्याधिकारी, जो शासनाचा माणूस असतो. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर जिल्हाधिकारी कलम 308 खाली त्याला स्थगिती देतात. 2020 मध्ये आपल्या बदलापूरच्या सभागृहाची मुदत संपली, आणि तेव्हापासून डिसेंबर 2025 च्या निवडणुकीपर्यंत सभागृहाचे अधिकारही शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडेच होते. म्हणजे 5 वर्षांहून जास्त काळ अर्थसंकल्पावर सभेत उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतंच. ती सवय तुम्हा नव्या मंडळींना पुन्हा लावायची आहे. तुझ्या निवडून येण्याचा मला एवढा आनंद झाला तो त्यासाठीच.

आता पैसा. नगरपरिषदांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, 1999 मध्ये गेली. तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येतं आणि त्यातला मोठा भाग पगारात जातो. केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगाचे पैसे 2026 पर्यंतच्या काळासाठी होते, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. शिवाय ते वाटले गेले 2011 च्या लोकसंख्येवर. त्या वर्षी आपल्या गावची नोंद होती 1,74,226. नंतर 2021 ची जनगणना झालीच नाही. संध्याकाळच्या लोकलमधून बदलापूरला उतरणारी गर्दी तू रोज बघतोस. त्यातल्या किती जणांसाठी अनुदानाचा एक रुपयाही आला नसेल, याचा विचार कर.

मग गाव चालतं कशावर? बरंचसं बांधकामावर. नकाशा मंजूर होताना विकास शुल्क येतं, वाढीव चटईक्षेत्रासाठी, म्हणजे जास्तीच्या बांधकामासाठी, अधिमूल्य येतं. फ्लॅटची नोंदणी झाली की मुद्रांक शुल्कासोबत घेतलेला, किमतीच्या 1 टक्का अधिभार शासनामार्फत येतो. हे आकडे बघून सभागृह खूश होतं, आणि माझा जीव तिथेच खाली-वर होतो. कारण बिल्डर विकास शुल्क एकदा भरून मोकळा होतो, पण त्या इमारतीतला कचरा रोज उचलावा लागतो आणि तिच्यासमोरच्या दिव्यांचं बिल महावितरण दर महिन्याला पाठवतं. एकदाच येणाऱ्या पैशातून रस्ते, नाले, शाळा बांधाव्यात. तो घंटागाडीच्या ठेक्यात आणि डिझेलमध्ये खर्च होऊ लागला, तर घरांची विक्री मंदावेल त्या वर्षी ठेकेदाराची बिलं थकणार. म्हणून बाड उघडलंस की महसुली जमा आणि महसुली खर्च, म्हणजे रोजच्या कारभाराची जमा आणि खर्च, आधी समोरासमोर ठेव, आणि विकास शुल्क नेमकं कुठे खर्ची पडलंय ते शोध.

तुमच्या हातातली जमा म्हणजे मालमत्ता कर. इथे बारकाईने बघ. वसुली इतके टक्के झाली असं सांगितलं, की लगेच विचार, कशाच्या टक्के? नुसत्या चालू मागणीच्या, की थकबाकी धरून? थकबाकीत दुबार नोंदी असतात, कोर्टात अडकलेली प्रकरणं असतात, आणि महिन्याला 2 टक्क्यांनी चढत गेलेली शास्ती, म्हणजे दंड, असते. तो आकडा कागदावर फुगतो, पण हाती लागत नाही. बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर तर शासनाचा. परिषद फक्त गोळा करून भरते.

सगळ्यात कामाची गोष्ट पुढे आहे. नगररचना विभागाकडून गेल्या 3 वर्षांत दिलेल्या भोगवटा दाखल्यांची, म्हणजे इमारत वापरायला दिलेल्या परवान्यांची, यादी माग, आणि कर विभागाकडून त्याच काळात कर आकारणी झालेल्या नव्या मालमत्तांची. दोन्ही शेजारी ठेव. विभाग एकाच मजल्यावर असले तरी या याद्या एकमेकींशी जुळवल्या जातातच असं नाही. माणसं राहायला आली, गॅलरीत कपडे वाळत पडले, तरी इमारतीची आकारणी झालेली नाही, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. कराचा दर वाढवण्याआधी सुटलेली घरं आकारणीत आणणं, यासारखं न्यायाचं काम दुसरं नाही.

पाण्याबद्दल लोक तुलाच गाठतील. त्यांना नीट सांग, की बदलापुरात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं आणि बिलही त्यांचंच. पाणीपट्टी परिषदेच्या जमेत दिसत नाही म्हणून गोंधळू नकोस. पण पाठपुरावा मात्र सोडू नकोस, तहानलेल्या माणसाला खातं कुणाचं याच्याशी देणंघेणं नसतं. महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी 5 टक्के राखून ठेवावे लागतात. तिथे तरतूद किती यापेक्षा वर्षअखेर खर्च किती झाला ते विचार.

मोठ्या योजनांचं भूमिपूजन झोकात होतं. तुझं मत मागितलं जाईल तेव्हा दोनच प्रश्न विचार. परिषदेचा हिस्सा कुठून येणार, आणि योजना पूर्ण झाल्यावर तिचं वीजबिल आणि देखभाल कोण भरणार? भुयारी गटार योजनेचे पंप आणि शुद्धीकरण केंद्र रात्रंदिवस चालवावं लागतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

अर्थसंकल्प नेहमी शिलकीच दाखवतात, त्याने भुलू नकोस. अंदाजाचा रकाना सोड आणि मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा बघ. दोहोंत फार अंतर असेल तर खर्चाची निम्मी पानं न वाचता चालतील. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे, म्हणजे शासनाच्या हिशेब तपासणीचे, जुने आक्षेपही मागवून घे. आधी तुला कोणी देणार नाही, म्हणून लेखी माग.

बाड मिळालं की पानांचे फोटो पाठव, जमेची बाजू आधी. रविवारी मी घरीच आहे, दुपारी फोन कर, पेन्सिल घेऊन बसतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नंदू