‘मोकळी जागा’ म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा किनारा समितीच्या बैठकीची बातमी काल वाचली. ‘मच्छीमार बांधवांना न्याय देऊ’ हे वाक्य चहाबरोबर घशाखाली उतरवलं, पण सोबतचा फोटो काही उतरेना. साहेब रांगेने बसलेले आणि कडेला आमचे तीन प्रतिनिधी. 2011 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ‘किमान तीन’ म्हटलंय, म्हणून मोजून तीन.

मासळी सुकवायच्या जागा नकाशावर दाखवायच्या, हेही त्याच अधिसूचनेत आहे. काही वर्षांपूर्वी किनारा व्यवस्थापन आराखड्याची सुनावणी होती. मी सासूबाईंना घेऊन गेले. भिंतीवर नकाशा, अक्षरं सगळी इंग्रजी. आमची वाडी कुठली हे शोधण्यातच अर्धा तास गेला. जिथे चाळीस वर्षं त्यांच्या बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडी उभ्या आहेत, तिथे नुसता कोरा कागद. विचारलं, तर एक साहेब म्हणाले, ‘ती मोकळी जागा आहे.’ सासूबाईंनी नकाशावर बोट ठेवलं. ‘मोकळी? मग माझे बोंबील काय आभाळात वाळतात?’ सगळे हसले. साहेबही हसले, आणि म्हणाले, ‘लेखी द्या.’

दिलं. मीच लिहिलं, सासूबाईंनी अंगठा दिला. आवक-शिक्का मारलेली प्रत अजून घरात आहे, देवाच्या फोटोमागे. उत्तर नाही.

उद्या त्या जागेवर वाहनतळ आला तर कागदोपत्री कुणाचंच काही गेलेलं नसेल. मग भरपाई कसली मागायची? जेएनपीटी बंदराच्या कामांपायी मासेमारी बुडाली म्हणून उरणकडच्या 1,630 कुटुंबांना 2015 साली 95 कोटींची भरपाई मंजूर झाली, तीसुद्धा हरित लवादाचं दार ठोठावल्यावर. समितीत चहा पिऊन नव्हे.

आणि संपादक महाशय, ते ‘बांधव’ तेवढं बदला. पुरुष म्हावरं बंदरात आणून टाकतात. निवडणं, सुकवणं, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणं बायकांचं. त्या तिघांत बाई एकही नाही. असती तर निदान वलांडी कुठे आहेत हे तरी तिने सांगितलं असतं.

आपली,
एक मासळीवाली
(नाव-गाव छापू नये, पुढची सुनावणी अजून व्हायची आहे.)