डावा डोळा झाकून बघ

गिरगाव, मुंबई
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणून फोन दादाच्या हातात दिला असतास. तुझ्या त्या "बरं"ला मी फार घाबरते, म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

खोलीला रंग लावून झाला. पोपटी नाही लावला.

ठरलं पोपटीच होतं, कबूल. पण मी शेड कार्ड घेऊन पुण्याला आले त्या दिवशी तू काय केलंस आठव. ऑपरेशन झालेला उजवा डोळा झाकलास आणि पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणालीस, "यावर चहा सांडलाय का गं?" मग डावा झाकलास आणि म्हणालीस, "अगो बाई, हा तर निळीतून काढलाय!" चौकोन तोच. मोतीबिंदू वाढतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. म्हणजे तुला मवाळ वाटणारा आपला पोपटी आम्हाला कसा दिसत असेल? ट्यूब लावली की घरातल्या सगळ्यांना कावीळ झालीय असं वाटायचं, हे दादाचं वाक्य. (तुझ्यासमोर कधी बोलला नाही. आता त्याच्याकडेच आहेस तर विचार.) दिवाळीनंतर डावा डोळा झाला की ती भिंत तुझी तुलाच भगभगीत वाटली असती. कुठल्या डोळ्याने निवडलेला रंग खरा मानायचा, सांग बरं.

मी घाई केली नाही हो. खिडकीशेजारी चार रंगांचे दोन-दोन फुटांचे पट्टे मारून घेतले आणि दोन दिवस सकाळी, चार वाजता, रात्री ट्यूबखाली बघत बसले. कार्डावरचा रंग चारी भिंतींवर चढला की गडद वाटतो, म्हणून आवडला त्याहून एक पायरी फिकाच घेतला. त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. मी त्याला ज्वारीचं पीठ म्हणते.

मोरीची चौकट मात्र गडद चॉकलेटी. बाबा, तुमचं वय झालं म्हणून नाही. पांढऱ्या लाद्या, पांढरी भिंत, पांढरी चौकट, अंधारात कळणार कसं? जुलैत तुम्ही आपटलात, त्याच्या आधी गौरीच्या वेळी मीही आपटले होते, फक्त बोलले नाही.

रंग काढताना मजा आली. जुन्या डिस्टेंपरवर प्लास्टिक पेंट टिकत नाही, त्यामुळे सगळं खरवडावं लागलं. (टेकलं की पाठ पोपटी व्हायची, ते आता बंद.) पोपटीखाली फिका गुलाबी, त्याखाली चुन्यातली नीळ. बाबा आणि काका कुंचा मारायचे आणि मी बादली ढवळायचे ना, ती. माळ्यावर तुमचा खिळ्यांचा डबाही सापडला, एशियन पेंट्सचा, कुंचा घेतलेल्या गट्टूचं चित्र असलेला. 1942 साली कंपनी आपल्या गायवाडीतल्या गॅरेजात सुरू झाली, मग 1954 साली व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांनी गट्टू काढला, म्हणजे गट्टू गिरगावकरच, असं तुम्ही सांगायचात. मी कितीतरी दिवस त्याला वाडीत शोधत होते.

आरामखुर्चीमागचा तुमच्या डोक्याचा तेलाचा डाग काही जाईना. पहिल्या हाताखाली झाकला, सकाळी परत वर. सोड्याने धुतला, घासला, ऑइल प्रायमर मारला, तेव्हा गेला. गेला आणि मीच थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. खुर्ची तिथेच आहे. खुशाल तेल लावून टेका, रंग पुसता येतो असाच घेतलाय.

देव्हारा, कालनिर्णयचा खिळा, रेडिओची फळी, सगळं जिथल्या तिथे. लोणच्याच्या बरण्या मी स्वतः हलवल्या, कामगारांना हात लावू दिला नाही. आणि देव्हाऱ्यामागचा कोनाडा पोपटीच आहे, आई. तेवढा तुझा.

आता ऐका. वास पूर्ण जाईपर्यंत दहा दिवस इकडे यायचं नाही. बाबांचा दमा आणि तुझा डोळा, दोन्ही मला सांभाळता येणार नाहीत. थेंब वेळेवर. वहिनी "राहू द्या" म्हणाली की खरंच राहू द्यायचं, वाकून केर काढायचा नाही. बाबांनी पंप दादाच्या कपाटात नाही, स्वतःच्या खिशात ठेवायचा.

आणि आई, दारातून आत आलीस की आधी डावा डोळा झाकून बघ. मग काय बोलायचं ते बोल.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, किती खर्च आला ते विचारू नका. विचारलंत तर खोटं सांगेन.