१० डिसेंबरच्या आधी

कळवा, ठाणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. पतपेढीतली नोकरी मी सोडली. राजीनामा मंजूर झाला, आता ठाण्यातल्या त्या महिला संघटनेत पूर्णवेळ जाते. पगार कमी आहे, पण सईची वर्षाची फी भरून झालीय, मार्चपर्यंतचं भाडं बाजूला काढलंय, पीएफला हात लावलेला नाही. खाडीपूल ओलांडला की कोर्ट नाका आलाच. डबा घरचाच नेते आई, बाहेरचं खात नाही.

शनिवार-रविवार करत होतीस तेवढं पुरे नव्हतं का, असं बाबा विचारतील. पण कोर्टाचं काम बहुतेक सोमवार ते शुक्रवारच चालतं ना. बाई येते ती मंगळवारी दुपारी, नेसत्या साडीनिशी, कडेवर पोर. आता घर सुटलं ते सुटलंच, असं तिला वाटत असतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा तर सांगतो की घर नवऱ्याच्या नावावर असो की भाड्याचं, तिला तिथे राहायचा हक्क आहे. मग संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं, कोर्टात अर्ज करायचा. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात समन्स पोचत नाही, तारीख पुढे जाते, आणि दोन-तीन तारखांनंतर बाईच यायची बंद होते. शेजारी कुणी बसलेलं असलं की येत राहते. माझ्या शेजारी बाबा बसायचे, मांडीवर छत्री घेऊन. ज्यांना असे बाबा नाहीत त्यांच्या शेजारी मी बसते.

आता दुसरं. १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाची सभा आहे, तलावपाळीजवळ. तिथे मी माझ्या नावाने बोलणार आहे, तोंडावर ओढणी न घेता. राजस्थानच्या भंवरीदेवी आठवतात बाबा? बालविवाह अडवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या नाव न लपवता उभ्या राहिल्या. खालच्या कोर्टात आरोपी सुटले, तरी त्याच प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा सुप्रीम कोर्टाचा १९९७चा विशाखा निकाल आला. आमच्या पतपेढीच्या भिंतीवर तक्रार समितीचा कागद लागला, त्याची सुरुवात तिथली.

आई, त्या गणपतीत तू मला परत नांदायला पाठवलंस, तेही मी सांगणार आहे. तुला लागेल, म्हणून आधीच लिहिते. तुला नावं ठेवायची नाहीत गं मला. धाकटीचं बघायचं चाललं होतं, आजी अंथरुणावर होती, तुझ्या हातात किती होतं ते मला माहीत आहे. पिशवीच्या तळाशी, कुळथाच्या पिठाखाली तू पैसे ठेवले होतेस. सईला घेऊन डोंबिवलीच्या घरातून बाहेर पडले ती त्याच पैशांवर, हेही सांगणार आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीजणींना आईनेच परत पाठवलेलं असतं. सभेला तशा आयाही असतील. मला त्यांच्याशी बोलायचंय.

सईच्या बापाची भीती धरू नका. मी त्याचं नाव घेणार नाही, वकीलबाईंनी भाषण वाचलंय. कोर्टाचा संरक्षण आदेश आहे, त्याने तो मोडला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रात्री अजून कधीतरी दचकून उठते. मग वीज कडाडली की तू माझ्या कानांवर हात ठेवायचीस, तसे आपलेच हात ठेवते आणि झोप लागते.

बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. आईला विहिरीचं पाणी काढू द्यायचं नाही, पंप दुरुस्त करून घ्या, पैसे पाठवलेत. मोतीबिंदूचं आता पुढे ढकलायचं नाही, जानेवारीत इकडेच करू. आणि भाऊकाकांना तुम्हीच सांगा. वाडीत कुणाकडून कानावर गेलं तर ते आईवर चिडतील, तुमच्यावर नाही.

सभेला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही आलात तर मी मनात काही धरणार नाही, खरंच. आलात तर दिवा पॅसेंजरने नको, मांडवीने या, ती ठाण्याला थांबते. मी फलाटावर येते. तांदूळ आणू नका, ओझं होतं.

तुमची,
मनू